नकाशात दर आठवड्याला वेगळाच प्लांट: औद्योगिक नेटवर्क मॅपिंगचं सॉफ्टवेअर पारखताना होणारा घोळ

तळोजा असो, अंबरनाथ असो की ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा एखादा जुना प्लांट, कुठलं उपकरण कशाला जोडलंय याचा नकाशा काढणाऱ्या मॅपिंग सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये एकच तक्रार पुन्हापुन्हा येते. सोमवारी नकाशात ९६ उपकरणं, गुरुवारी १४०, पुढच्या आठवड्यात ११०. प्लांटमध्ये तर एक वायरही हललेली नसते. मग ज्याचा आकडा सर्वांत मोठा, ते सॉफ्टवेअर घेतलं जातं. नाहीतर सगळ्या विक्रेत्यांना परत पाठवून जुनी एक्सेल शीट चालू राहते. दोन्ही निर्णय अंधारात होतात, कारण खरा आकडा किती हे कोणी मोजलेलंच नसतं.

म्हणून सॉफ्टवेअर लावण्याआधी उत्तरपत्रिका, म्हणजे हाताने मोजलेल्या उपकरणांची यादी, तयार करा. हे काम टाळलं तर पुढचं काहीच पडताळता येत नाही.

आधी एक सेल हाताने मोजा

संपूर्ण प्लांट मोजू नका. तीस-चाळीस उपकरणांचा एकच विभाग, म्हणजे सेल, घ्या, पण तो विचारपूर्वक निवडा. त्यात रॅकवाला एक पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा नियंत्रक, हवा, ज्याच्या बॅकप्लेनवर (मागच्या जोडपट्टीवर) पाच-सहा मॉड्यूल आहेत. मॉडबस गेटवे, म्हणजे मॉडबस प्रोटोकॉलची सिरीयल उपकरणं नेटवर्कला जोडणारा डबा, हवा, ज्याच्या मागे आरएस-४८५ या सिरीयल वायरवर एनर्जी मीटर लटकलेले आहेत. मशीन बनवणाऱ्याने स्वतःचे आयपी पत्ते ठेवून एनएटीमागे (आतले पत्ते बाहेर न दाखवणाऱ्या राउटरमागे) दिलेलं एक मशीन हवं. दोन नेटवर्क कार्डांचा एक स्काडा संगणक, म्हणजे प्लांटवर देखरेख ठेवणारा संगणक, हवा. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घाईत आणून पॅनलमध्ये डकवलेला एखादा आठ पोर्टचा अनमॅनेज्ड, म्हणजे स्वतःची काही माहिती न देणारा, स्विच तर हवाच. तो बहुतेक ठिकाणी सापडतो. अशी अडचणीची उपकरणं नसलेल्या सेलमध्ये कुठलंही सॉफ्टवेअर पास होतं.

वर्क परमिट घेऊन इलेक्ट्रिशियनसोबत पॅनल उघडा. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्ह पॅनलमध्ये लेबल वाचण्यासाठी एकट्याने डोकं घालायचं नाही. प्रत्येक उपकरणासाठी पॅनल क्रमांक, नेमप्लेटवरचा मॉडेल नंबर, मॅक पत्ता (निर्मात्याने उपकरणाला दिलेला नेटवर्क पत्ता), आयपी, फर्मवेअर (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती) आणि ते कुठल्या स्विचच्या कुठल्या पोर्टला लागलंय हे लिहा. मॅक बहुतेक उपकरणांच्या अंगावर छापलेला असतो, त्याचा फोटो काढला की पुरे. फर्मवेअर मात्र बहुतेकदा पीएलसी प्रोग्राम करायचं इंजिनीअरिंग सॉफ्टवेअर ऑनलाइन जोडूनच मिळतं. ते त्याच पाळीत उरकायचा हट्ट धरू नका, रकाना रिकामा ठेवा आणि नंतर भरा. वायर हाताने धरून शेवटपर्यंत जा. वायरच्या टोकावरच्या फेरुलचा नंबर जुन्या ड्रॉइंगमधला असू शकतो.

निम्मी उपकरणं दिसतच नाहीत

इथे बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरचा नसतो, त्याचा कान चुकीच्या जागी लावलेला असतो. पॅसिव्ह सॉफ्टवेअरचा सेन्सर स्विचच्या मिरर पोर्टवर (बाकी पोर्टवरच्या वाहतुकीची नक्कल देणाऱ्या), म्हणजे स्पॅनवर, नुसता ऐकत बसतो. सोयीचा म्हणून तो सर्व्हर रूममधल्या कोअर स्विचला लावला जातो. पण पीएलसी आणि त्याच्या रिमोट आयओमधलं (दूर बसवलेल्या इनपुट-आउटपुट मॉड्यूलमधलं) बोलणं सेलच्या स्विचवरच सुरू होतं आणि तिथेच संपतं. कोअरपर्यंत येतं ते फक्त एचएमआय (ऑपरेटरचा पडदा), हिस्टोरियन (आकडे साठवणारा सर्व्हर) आणि स्काडाचं. प्रोफिनेट या औद्योगिक प्रोटोकॉलची सायक्लिक फ्रेम (ठरावीक वेळाने जाणारं पॅकेट) तर आयपीशिवाय थेट मॅकवरून मॅककडे जाते, त्यामुळे ती राउटर ओलांडूच शकत नाही.

तपासणी दहा मिनिटांची आहे. सेन्सरच्या वायरवर वायरशार्क हे पॅकेट पाहण्याचं सॉफ्टवेअर लावा आणि इथरटाइप (फ्रेमचा प्रकार सांगणारा आकडा) हेक्स ८८९२ असलेल्या, म्हणजे प्रोफिनेटच्या, फ्रेम गाळून पाहा. सेलमध्ये प्रोफिनेट चालू असूनही इथे एकही फ्रेम नसेल, तर सेन्सर खाली, सेल स्विचवर न्यावा लागेल. रॉकवेल कंपनीचे पीएलसी असलेल्या प्लांटमध्ये यूडीपी पोर्ट २२२२ पाहा. त्यांच्या इथरनेट/आयपी या प्रोटोकॉलचं आयओ बोलणं त्यावर चालतं. फक्त टीसीपी ४४८१८ दिसत असेल, तर पीएलसीशी कोण संवाद साधतंय एवढंच कळतंय. पीएलसीच्या हाताखाली काय आहे ते कळत नाही.

दुसरं कारण स्पॅनची गळती. १०० एमबीपीएसचा मिरर पोर्ट एका दिशेने तेवढंच बाहेर टाकू शकतो. फुल डुप्लेक्समधल्या एकाच भरलेल्या पोर्टची दोन्ही दिशांची बेरीज २०० होते, त्यात चार पोर्ट मिरर केले तर ८०० पर्यंत जाते. नुसतं आयओ एवढं कधी भरत नाही. पण त्याच स्विचवर दोन सीसीटीव्ही कॅमेरे जोडलेले असले की मिरर पोर्ट फ्रेम टाकून देतो, आणि त्या कुठल्या याची नोंद सेन्सरला मिळत नाही. स्विचच्या काउंटरमध्ये त्या मिरर पोर्टचे आउटपुट ड्रॉप पाहा. आकडा वाढत असेल तर कॅमेऱ्याचा पोर्ट मिररमधून काढा किंवा गिगाबिट पोर्टवर मिरर करा. महत्त्वाच्या एखाद्या दुव्यावर नेटवर्क टॅप, म्हणजे वायरवरच्या वाहतुकीची नक्कल देणारा डबा, बसवणं सर्वांत भरवशाचं, फक्त तो बसवताना वायर क्षणभर तोडावी लागते, म्हणून शटडाउनची वाट पाहा.

तिसरं कारण वेळेचं. पॅसिव्ह सॉफ्टवेअरला बोलणारेच ऐकू येतात. गणपतीच्या सुट्टीत किंवा दसऱ्याच्या पूजेला मशीन बंद असताना घेतलेलं रेकॉर्डिंग म्हणजे अर्धा प्लांट. किमान दोन आठवडे ऐका. त्यात सगळ्या पाळ्या, एक साप्ताहिक सुट्टी, बॅच बदल, टाक्या धुण्याचा क्रम आणि डिझेल जनरेटरची चाचणी आली पाहिजे. दर दिवशी नव्याने सापडलेल्या उपकरणांची संख्या कागदावर मांडत जा. सलग चार-पाच दिवस ती शून्य राहिली की ऐकणं पुरेसं झालं असं समजायला हरकत नाही.

सापडलं, पण 'अननोन' म्हणून

आयपी दिसतो, निर्मात्याचं नाव दिसतं, मॉडेल आणि फर्मवेअर रिकामं. निर्मात्याचं नाव मॅकच्या पहिल्या तीन बाइटवरून काढलेलं असतं, त्यात सॉफ्टवेअरचं कौतुक काही नाही. फर्मवेअर मात्र कोणीतरी विचारल्याशिवाय बहुतेकदा वायरवर येत नाही. महिन्यातून एकदा इंजिनीअर लॅपटॉप लावून पीएलसीशी ऑनलाइन जातो, तेव्हाच ती माहिती वाहते. म्हणून ट्रायलच्या काळात एकदा ठरवून, नेहमीच्या इंजिनीअरिंग सॉफ्टवेअरने प्रत्येक पीएलसीशी ऑनलाइन जा, काहीही डाउनलोड न करता. त्यानंतरही रकाना रिकामा राहिला, तर त्या सॉफ्टवेअरला तुमच्या पीएलसीचा प्रोटोकॉल उलगडता येत नाही असं लिहून ठेवा.

मॉडबसच्या बाबतीत थोडा न्याय करावा लागतो. ओळख सांगण्यासाठी फंक्शन कोड ४३, उपप्रकार १४ आहे, पण तो पुरवणं बंधनकारक नाही. कितीतरी मीटर आणि जुने कंट्रोलर त्याला अपवाद कोड ०१, म्हणजे 'हे फंक्शन मला येत नाही', असं उत्तर देतात. उपकरणच नाव सांगत नसेल तर सॉफ्टवेअर कुठून आणणार?

इथे एक सुरक्षित आणि दुर्लक्षित वाट आहे: प्रोजेक्ट फाइल. पीएलसीच्या बॅकअपमध्ये रॅकमधलं प्रत्येक मॉड्यूल, त्याचा ऑर्डर नंबर आणि स्लॉट लिहिलेला असतो. रॉकवेलची एल५एक्स एक्सपोर्ट तर साधी मजकुराची फाइल आहे. जे सॉफ्टवेअर अशा फाइल वाचून नकाशात भर घालतं, त्याला आम्ही जास्त गुण देऊ, कारण चालू प्लांटवर एकही पॅकेट न टाकता ते काम होतं. विक्रेत्याला विचारताना 'फाइल वाचता का' असं मोघम विचारू नका. तुमच्याकडची खरी, पाच वर्षं जुनी फाइल द्या आणि समोर वाचायला सांगा.

एकाच पीएलसीचे तीन पीएलसी, आणि पाच मशीनचं एक

आकडा फुगण्याचं मूळ बहुतेकदा इथे असतं. प्रोफिनेट पीएलसीला इंटरफेसचा एक मॅक असतो आणि त्याच्या प्रत्येक पोर्टचा वेगळा. शेजारच्या उपकरणाला आपली ओळख सांगणाऱ्या एलएलडीपीच्या फ्रेम पोर्टच्या मॅकवरून निघतात. मॅक हीच ओळख मानणारं सॉफ्टवेअर दोन पोर्टच्या एका पीएलसीचे तीन चौकोन काढतं. स्काडा संगणकाला दोन कार्डं असली की त्याचे दोन. राउटरच्या जोडीत व्हीआरआरपी (एक बंद पडला तर दुसऱ्याने काम घेण्याची सोय) असेल तर आभासी मॅकचा आणखी एक.

याच्या उलट चूक जास्त धोक्याची आहे. मशीन बनवणारे एकाच साच्यातून पाच मशीन देतात आणि पाचही पीएलसींचा आयपी १९२.१६८.०.१ ठेवतात, एनएटीमागे तो चालून जातो. आयपीलाच ओळख मानणारं सॉफ्टवेअर त्या पाचांचा एक चौकोन करतं. नकाशा नीटनेटका दिसतो आणि चार पीएलसी गायब असतात.

विक्रेत्याला सरळ प्रश्न करा: दोन नोंदी एकाच उपकरणाच्या आहेत हे तुम्ही कशावरून ठरवता? सिरीयल नंबर, मॅकचा संच आणि कुठल्या सेन्सरने ऐकलं, या तिन्हींचा मेळ घालतो असं उत्तर यायला हवं. हाताने नोंदी जोडायची सोय आहे का, आणि जोडलेल्या नोंदी पुढच्या अपडेटनंतर तशाच राहतात का, हेही करून पाहा. परवाना आयपींच्या संख्येवर असेल तर या फुगलेल्या नोंदींचे पैसे तुम्हीच भरता.

रेषा चुकीच्या

पॅसिव्ह सॉफ्टवेअर ज्या रेषा काढतं त्या संवादाच्या असतात, वायरच्या नव्हेत. हा फरक विक्रेत्याच्या स्लाइडमध्ये पुसला जातो. कोणाचं कोणाशी बोलणं चालतं हे सुरक्षेसाठी मोलाचं आहे. पण रात्री दोन वाजता कुठली वायर पाहायची हे त्यातून कळत नाही. वायरची रेषा हवी तर स्विचला विचारावं लागतं: एलएलडीपीचे शेजारी, मॅक टेबल (कुठल्या पोर्टवर कुठला मॅक) आणि राउटरचं एआरपी टेबल (कुठल्या आयपीचा कुठला मॅक), तिन्ही एसएनएमपी या विचारणेच्या प्रोटोकॉलवरून.

मॅक टेबलमधली नोंद साधारणपणे ३०० सेकंद टिकते. पाच मिनिटं गप्प राहिलेलं उपकरण टेबलातून जातं, आणि त्या क्षणी विचारलं तर नकाशातूनही जातं. गुरुवारी दिसलेला मीटर सोमवारी नसण्याचं हे एक नेहमीचं कारण. चांगलं सॉफ्टवेअर जुनी नोंद पुसत नाही, 'शेवटचं कधी दिसलं' एवढं लिहून फिकी करतं. सिस्को स्विचवर एक जास्तीची अडचण आहे. एसएनएमपी आवृत्ती २सी मध्ये नुसत्या कम्युनिटी नावाने (पासवर्डसारख्या शब्दाने) विचारलं की मूळ व्हीलॅनचंच, म्हणजे स्विचमधल्या एकाच आभासी नेटवर्कचं, मॅक टेबल मिळतं. बाकीच्यांसाठी कम्युनिटीनंतर ॲट चिन्ह आणि व्हीलॅनचा क्रमांक जोडावा लागतो. हे न जाणणारं सॉफ्टवेअर अर्धी उपकरणं अधांतरी ठेवतं. शक्य तिथे आवृत्ती ३ वापरा, फक्त वाचण्याचे हक्क द्या, आणि दर मिनिटाला विचारायला लावू नका. छोट्या औद्योगिक स्विचचा प्रोसेसर बेताचा असतो. नकाशासाठी पंधरा मिनिटांचं अंतर भरपूर.

अनमॅनेज्ड स्विच कुणालाच उत्तर देत नाही, त्याचा फक्त अंदाज बांधता येतो. एका पोर्टवर पाच मॅक आणि एलएलडीपीचा शेजारी एकही नाही, म्हणजे मध्ये काहीतरी आहे. सॉफ्टवेअरने तिथे 'अज्ञात स्विच' दाखवला पाहिजे. पाचही उपकरणं थेट एकाच पोर्टला टोचलेली दाखवली, तर गुण कापा.

स्विच किंवा उपकरणं गोलाकार जोडणाऱ्या एमआरपी किंवा डीएलआर रिंगमध्ये एक दुवा मुद्दाम अडवलेला असतो. कधी तो नकाशात येतच नाही आणि रिंगची साखळी दिसते. कधी रिंग पालटली की मॅक दुसऱ्या बाजूने शिकले जातात आणि सगळ्या रेषा उलट होतात. तुमच्या रिंग मॅनेजरने गेल्या आठवड्यात रिंग उघडल्याची नोंद केली आहे का ते पाहा. पावसाळ्यात ओलाव्याने आरजे-४५ चे संपर्क काळवंडतात, रासायनिक पट्ट्यात तर आणखी लवकर. लिंक क्षणभर जाते आणि येते, रिंग पालटते, नकाशा हलतो. स्विचच्या पोर्टवरचे सीआरसी त्रुटींचे (बिघडून आलेल्या फ्रेमचे) आणि लिंक पडल्याचे काउंटर एकदा शून्यावर आणून चोवीस तासांनी वाचा. इथे नकाशा खरं सांगत असतो, खराब असतो तो कनेक्टर.

स्कॅन केल्यावर पीएलसीचं कार्ड अडकतं

ही तक्रार आली की स्कॅन तिथेच थांबवा. बाकी सगळं नंतर.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या ८००-८२ या मार्गदर्शक पुस्तिकेत नोंदवलेल्या घटना प्रत्येक मूल्यमापन करणाऱ्याने वाचाव्यात. नुसत्या पिंग स्वीपने (सगळ्या पत्त्यांना 'आहेस का' असं विचारण्याने) रोबोटचा नऊ फुटी हात १८० अंशांत फिरला. दुसऱ्या ठिकाणी चिप बनवणारी यंत्रणा अडकून ५०,००० डॉलरच्या वेफर वाया गेल्या. पीएलसीचं कार्ड अडकण्याचं कारण साधं आहे. जुन्या कम्युनिकेशन कार्डात एकाच वेळी मोजक्याच टीसीपी जोडण्या मावतात. स्कॅनरने अर्धवट उघडून सोडलेल्या जोडण्या त्या जागा अडवतात आणि एचएमआयला दार बंद होतं. सेवेची ओळख पटवण्यासाठी एनमॅप हे स्कॅनिंग सॉफ्टवेअर पोर्टवर निरनिराळे मजकूर फेकतं; १०२ (सीमेन्सचा) किंवा ५०२ (मॉडबसचा) या पोर्टवर नीट लिहिलेला प्रोटोकॉलच येणार अशा भरवशावर बनवलेला फर्मवेअर त्याने गोंधळतो. एनमॅपसुद्धा ही ओळख पटवताना प्रिंटरचा ९१०० पोर्ट मुळातच वगळतं, कारण काही प्रिंटर त्यावर आलेलं सगळं छापत सुटतात. पॅकिंग लाइनवरच्या लेबल प्रिंटरसाठी हे लक्षात ठेवा, कारण बाकीच्या स्कॅनरमध्ये ही काळजी घेतलेली असेलच असं नाही.

सिरीयल गेटवेचा हिशेब तर तोंडीच करता येतो. १ ते २४७ असे सगळे युनिट क्रमांक तपासायचे, उत्तर न देणाऱ्या प्रत्येकासाठी एक सेकंद वाट पाहायची, म्हणजे जवळपास चार मिनिटं. तेवढा वेळ ४८५ ची वायर स्कॅनरच्या ताब्यात आणि एचएमआयच्या मागण्या रांगेत. ऑपरेटरला एकाएकी सगळ्या मीटरवर कम्युनिकेशन फेलचा अलार्म येतो.

म्हणून क्रम पाळा. आधी टेबलावरचा स्पेअर पीएलसी, त्याच मॉडेलचा आणि त्याच फर्मवेअरचा. मग शटडाउनमध्ये सेलमधलं एकच उपकरण. मग एका वेळी एक आयपी, एका वेळी एक जोडणी, फक्त त्या उपकरणाच्या स्वतःच्या प्रोटोकॉलमधली ओळखीची विचारणा: इथरनेट/आयपीसाठी लिस्ट आयडेंटिटी, प्रोफिनेटसाठी डीसीपी आयडेंटिफाय. आयपींची मोठी रेंज एकदम द्यायची नाही. स्कॅनआधी आणि स्कॅनच्या वेळी पीएलसीचा कमाल सायकल टाइम, कार्डाचे त्रुटी काउंटर आणि एचएमआयचा रिफ्रेश लिहून ठेवा. नियंत्रण कक्षात एक माणूस फोनवर हवा, ज्याला 'थांब' म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ॲक्टिव्ह विचारणा उपकरणनिहाय बंद करता येत नाही, ते इतर सगळ्यात पहिलं आलं तरी यादीतून काढा.

घड्याळ

सेन्सर यूटीसी या जागतिक वेळेवर आणि सर्व्हर भारतीय वेळेवर असला की साडेपाच तासांचा फरक पडतो. पहाटे तीनला जोडलेला लॅपटॉप आदल्या रात्री साडेनऊच्या पाळीत दिसतो आणि चौकशी भलत्याच माणसाची होते. सर्टइन या भारताच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवण्याची आणि लॉग १८० दिवस ठेवण्याची सूचना आहे. ट्रायलमध्येच पाहा की सेन्सर प्लांटच्या एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरवरून वेळ घेतो का आणि १८० दिवसांची साठवण परवान्यात बसते का.

गुण कसे द्यायचे

उत्तरपत्रिकेत ३६ उपकरणं आहेत असं धरा. तीन वेगळे आकडे लिहा: किती सापडली, किती जणांचं मॉडेल आणि फर्मवेअर बरोबर आलं, किती जणांचा स्विच-पोर्ट बरोबर आला. समजा ३३, २१ आणि २७. चौथा आकडा अस्तित्वात नसलेल्या उपकरणांचा. या चारांची बेरीज किंवा सरासरी करू नका. मेंटेनन्सला तिसरा आकडा हवा असतो, सुरक्षा पाहणाऱ्याला दुसरा, आणि दोघांच्या गरजा एका टक्केवारीत बुडतात.

मग प्लांटमध्ये काही न बदलता दोन आठवड्यांनी तेच मोजा. आकडे जुळले पाहिजेत. त्यानंतर परवानगीने एक अनोळखी लॅपटॉप सेल स्विचला लावा, आणि एक स्पेअर उपकरण दुसऱ्या पोर्टवर हलवा. किती मिनिटांत कळलं ते लिहा. शेवटी सगळी माहिती सीएसव्हीत बाहेर काढून पाहा, आणि इंटरनेटशिवाय अपडेट कसं होतं हे विक्रेत्याला करून दाखवायला लावा.

तुलनेसाठी फुकटची साधनं बाजूला ठेवाच. प्रोफिनेट सेलसाठी सीमेन्सचं प्रोनेटा बेसिक, स्विचच्या रेषांसाठी नेटडिस्को किंवा लिब्रेएनएमएस, रेकॉर्डिंग उलगडण्यासाठी झीक आणि त्याचे औद्योगिक प्रोटोकॉलचे पार्सर. ग्रासमार्लिन या जुन्या मॅपिंग साधनाचं नाव अजून घेतलं जातं, पण त्याचा विकास थांबला आहे, त्यावर नवं काही उभारू नका. या साधनांना जे तुमच्या सेलमध्ये सापडतं, तेही महागड्या सॉफ्टवेअरला सापडत नसेल तर ट्रायल पुढे नेण्यात अर्थ नाही.

एवढं करूनही नकाशात एखादा मॅक उरतो, जो उत्तरपत्रिकेत नाही. तो खोटा म्हणून पुसू नका. स्विचच्या मॅक टेबलमध्ये तो कुठल्या पोर्टवर आहे ते पाहा, तो पोर्ट शोधा आणि वायर धरून चालत जा. कधीकधी ती वायर जंक्शन बॉक्समागे ठेवलेल्या कॉन्ट्रॅक्टरच्या फोर-जी राउटरपाशी संपते. असा राउटर सापडला तर उत्तरपत्रिकेत ३७ वी ओळ लिहा, आणि तो का लावला हे विचारून झाल्यावरच वायर काढा.